धार

मुकादमाने शनिवारी एक टोकन जास्त दिलं.
देठ खुडलेल्या टोपल्या अकरा, हातात टोकनं बारा.
फाटकापर्यंत गेले, परत पथारीवर आले,
"भाऊ, हे तुझं."
मिरची डोळ्यात गेलेल्या माणसाकडे बघतात
तसं त्याने बघितलं माझ्याकडे.

ते सोपं होतं.
असल्या वेळी देव अगदी शेजारी उभा असतो,
बोट दाखवून सांगतो, हे घे, ते ठेव.
दित्यामामाच्या दिवसांबद्दल विचारलं
तेव्हा काही बोलला नाही.

मामा रविवारी जन्मला म्हणून दित्या.
आम्ही प्रार्थनेला निघालो की ओट्यावरून ओरडायचा,
"मी तर जन्मापासून रविवारचा,
तुम्ही आत्ता भरती झालात!"
आणि एकटाच हसायचा, खोकला लागेपर्यंत.
रंगावलीत माझा बाप्तिस्मा झाला
तेव्हा सगळं गोत घरी बसलं दार लावून.
मामा काठावर होता, काखेत गोधडी.
गारठली असशील, म्हणाला.
बाकी काही नाही.

पाळकांचा फोन आला:
जाऊ नको बाई. तिथे भगत, तिथे दारू,
तुला पाहून उद्या दुसरे जातील.
मग नुऱ्याचा, मामाच्या थोरल्याचा:
येशील तर सगळं कर.
पळसाचा द्रोण, मोहाची धार, बापाच्या नावाने.
नाहीतर तुझ्या घरी मयत झाली
तर खांद्याला तुझी मंडळीच बोलाव.
दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते.
दोघांनाही मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

रात्री ताकात हात बुडवून बसले.
मग शास्त्र उघडलं, पानावर बोट ठेवलं,
बोटाची आग कागदाला लागेल असं वाटलं.
त्यात अंजीर आहे, जैतून आहे, मोह नाही.
मामा आहे एक, पण तो फसवणारा.
माझा तसा नव्हता.
प्रार्थनेला डोळे मिटले
तर गोधडीच दिसायची, निळ्या लुगड्याचा काठ लावलेली.
रागावू नकोस, म्हटलं,
पण आज एवढंच येतंय.

पहाटेच्या गाडीने नवापूर, पुढे जीप.
पिशवीत पाच किलो उडदाची डाळ.
ढोल थांबला, द्रोण हातोहात सरकत
माझ्यापर्यंत आला.
हिरवं पान, आत तो उग्र गोडवास.
"मामी, धार माझ्याच्याने होणार नाही.
बाकी सांगशील ते करते."
जीपमध्ये पाठ केलं होतं शांतपणे बोलायचं.
आवाज फाटला.

नुऱ्या उठून गेला.
मागे कुणी थुंकलं, तंबाखूच असेल कदाचित.
मामीने द्रोण माझ्या हातातून घेतला,
पलीकडच्या बाईला दिला.
बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.
मग म्हणाली,
"हंडे रिकामे आहेत."

हापशी खाली नाल्याजवळ, मांडव वर टेकाडावर.
सतरा खेपांपर्यंत मोजलं, पुढे सोडून दिलं.
पाण्याने हातातली मिरची पुन्हा जागी झाली.
म्हाताऱ्या प्यायल्या, ढोलवाले प्यायले,
भगतानेही तांब्या पुढे केला.
नुऱ्याने माझ्याकडे न बघता दोनदा घेतलं.

शेवटच्या हंड्याला पाय घसरला,
तोही नेमका ओट्यापाशी,
जिथे तो बसायचा.
पाणी एका धारेने खाली गेलं.
मी हंडा सरळ करायला हवा होता, लगेच.
उभी राहिले.
माती पीत होती.
ओठ हलवले नाहीत मी, एवढं खात्रीने सांगते.

रविवारी पाळकांनी दारातच विचारलं,
"गेलीस?"
गेले.
"काय केलंस तिथे?"
पाणी भरलं, म्हटलं.
थोडं सांडलं.